बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरची विमानं बघत वाढलेल्या तुला

तुझा मेसेज वाचला. पायलट व्हायला घरात तेवढा पैसा नाही म्हणून विमानाचा नाद सोडू काय असं विचारायलास. सोडू नको बघ. पण कॉकपिटच्या सीटवरच डोळा लावून बसलास तर बाकीचं सगळं हातातनं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल म्हणून संस्था आहे, १९४१ पासनं, नोकरीधंदा सांभाळून वेळ देणाऱ्या साध्या लोकांची. हरवलेलं विमान शोधायचं, पूर-वादळानंतर वरनं फोटो काढायचे, आणि वयाच्या बाराव्या वर्षापासनं पोरापोरींना कॅडेट म्हणून तयार करायचं. शोधायला निघालं की पायलट उंची आणि लाईन सांभाळतो, खालचं बारीक बघायचं काम खिडकीजवळ बसलेल्याचं. त्याला शिकवतात की नजर सरसर फिरवू नको, एका जागी टेकव, थांब, मगच पुढं सरकव, नाहीतर समोरचा माणूससुद्धा सुटतो. शिवाय खाली रेडिओवाले, पायी शोधणारी टीम, नकाशा घेऊन बसलेला एकजण. एवढी माणसं लागतात रे!

आता आपल्याकडचं बघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या आणि हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर उसाचं पाचट, सुटे पत्रे, प्लास्टिक पडलेलं असलं की पंख्याच्या वाऱ्यानं उडतं, कुणाच्या डोक्यात बसेल नाहीतर पंख्यातच जाईल. ती जागा आधी झाडून काढायची, वारा कुठनं येतोय ते वरनं कळावं म्हणून काठीला कापड बांधायचं, गर्दी दोरी लावून लांब ठेवायची, शेपटीच्या बाजूला तर कुणालाच जाऊ द्यायचं नाही, आणि पायलटनं खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही. हे पायलटला वरनं करता येत नाही, गावातल्याच कुणीतरी करायला पाहिजे. आणि कन्नड चांगलं बोलायला शीक, घाबरलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत सांगितलं तरच ती ऐकणार.

पुरात रीलसाठी ड्रोन उडवणाऱ्यांचा मला मनापासनं राग येतो. एका ड्रोनपायी हेलिकॉप्टर थांबवावं लागतं.

कॉलेज निवडताना एनसीसीची एअर विंग कुठं आहे ते आधी विचार, तिथं एरोमॉडेलिंग म्हणजे विमानांची मॉडेलं बनवणं-उडवणं असतं, नंबर लागला तर मायक्रोलाईट म्हणजे छोट्या हलक्या विमानात बसायलाही मिळतं, आणि पुढं एनसीसीच्या सी सर्टिफिकेटवर एअरफोर्सची वेगळी एन्ट्री आहे. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसची परीक्षा दे, त्याला १२ वर्षं पूर्ण असली की चालतं, मोबाईल टॉवर बंद पडले की तेच कामाला येतं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स सोडू नको, कमर्शियल पायलटला ते लागतंच, पैशाचं पुढं बघू.

आणि पाऊस सुरू व्हायच्या आत एक काम कर. तुमच्या गावात उंचावर मोकळी सपाट जागा कुठली, तिच्या आजूबाजूनं विजेच्या तारा कुठनं गेल्यात, हे कागदावर काढ, एक कॉपी पंचायतीत दे आणि एक मला पाठव. तारा मात्र नीट बघ, वरनं त्या दिसत नाहीत.