इंग्रजी शंकासमाधान

प्रश्न : मुलगी आठवीत, मराठी माध्यमात आहे. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’सारखा लांब इंग्रजी शब्द आला की अडखळते. तुकडे पाडायचे कसे? – एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे सिलॅबल. उच्चारात जितके स्वर ऐकू येतात, तितके सिलॅबल. स्पेलिंगमधले स्वर मोजू नका. ‘कम्फर्टेबल’ लिहिताना लांबलचक दिसतो, पण बोलताना बहुधा तीनच सिलॅबल उरतात : कम्फ्-ट-बल.

रिस्पॉन्सिबिलिटीत 14 अक्षरे, 6 सिलॅबल : रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. आधी शेवटचा प्रत्यय ओळखायला लावा. ‘इटी’ असेल तर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे इथे ‘बि’वर. मग शब्द शेवटाकडून बांधत आणा : टी, लिटी, बिलिटी, सिबिलिटी... असे केल्याने आघाताची जागा हलत नाही आणि शेपूट गिळले जात नाही.

खरी अडचण आघाताचीच. मराठीत आपण सगळ्या सिलॅबलना जवळपास सारखे वजन देतो. इंग्रजीत आघाताचा सिलॅबल लांब, ठसठशीत होतो आणि बाकीच्यांतले बरेच स्वर आपल्या ऱ्हस्व ‘अ’सारखे विरतात. फोटोग्राफमध्ये जोर ‘फो’वर : फो-ट-ग्राफ. ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो : फ-टॉ-ग्र-फी. ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर : फो-ट-ग्रॅ-फिक. स्पेलिंग तेच राहते, म्हणून हे तिन्ही शब्द मोठ्याने, एकापाठोपाठ म्हणायला लावाच.

‘शन’ आणि ‘इक’ हे प्रत्यय आघात आपल्या लगतच्या आधीच्या सिलॅबलवर ओढतात. ‘इक’ला अपवाद आहेत, गणितातल्या ‘अरिथमेटिक’मध्ये जोर ‘रिथ्’वर. ‘मेंट’, ‘नेस’, ‘ली’ मात्र मूळ शब्दाचा आघात हलवत नाहीत. ‘डेव्हलप’चा जोर ‘व्हे’वर, म्हणून ‘डेव्हलपमेंट’चाही तिथेच : डि-व्हे-लप-मंट. आपल्याकडे सर्रास ‘डे’वर जोर देतात, तो चुकीचा. शब्दकोशात आघाताच्या सिलॅबलआधी वर छोटी उभी रेघ असते. ती पाहायची सवय लावा.

प्रश्न : शब्दाचे घटक आणि सिलॅबल एकच का? – एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : नाही. ‘हेलिकॉप्टर’चे घटक ग्रीक : ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टर’ म्हणजे पंख. पण इंग्रजी उच्चारात सिलॅबलची सुरुवात ‘प्ट’ने होत नाही, म्हणून बोलताना हे-लि-कॉप्-टर. अर्थ आणि स्पेलिंग लक्षात ठेवायला घटक पाडा, उच्चारासाठी सिलॅबल.