शट डाउन दिलं, पण संगणक बंद झालाच नाही

प्रश्न : शट डाउन दिल्यावर स्क्रीन काळी होते, पण कॅबिनेटचा पंखा फिरतच राहतो आणि पॉवरचा दिवाही विझत नाही. शेवटी बटण दाबून धरावं लागतं. रीस्टार्ट मात्र व्यवस्थित होतं. विंडोज 10 आहे. मदरबोर्ड बदलावा लागेल का?

उत्तर : एवढ्यात मदरबोर्डला दोष देऊ नका. रीस्टार्ट नीट होतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती आहे. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं. शट डाउनचं तसं नाही. 2012 मध्ये विंडोज 8 आलं, तेव्हापासून शट डाउन दिलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअरचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्या स्थितीत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. पुढच्या वेळी संगणक लवकर सुरू व्हावा, हा त्यामागचा हेतू. या सोयीचं नाव फास्ट स्टार्टअप. एखाद्या ड्रायव्हरला हे जमलं नाही, की काम मध्येच अडकतं आणि पंखा फिरत राहतो.

खात्री करायला एक मिनिट पुरेल. शिफ्ट दाबून धरा आणि तसंच धरून शट डाउनवर क्लिक करा. त्या वेळेपुरतं विंडोज पूर्ण बंद होतं. आता पंखा थांबला, तर दोष फास्ट स्टार्टअपच्या वाटेवर आहे हे पक्कं. मग कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडच्या ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’वर जा. खालचे चौकोन फिके दिसतील, म्हणून आधी वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा. त्यानंतर ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढून सेव्ह करा. ही ओळच तिथे नसेल, तर तुमच्याकडे हायबरनेट, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर उतरवून बंद होण्याची सोय, बंद आहे. मग कारण दुसरीकडे शोधायला हवं.

तुमचा संगणक किती दिवस ‘जागा’ आहे, तेही बघून ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. आलेखाखाली अप टाइम असतो. रोज रात्री बंद करूनही तिथे 11:04:32:10 असं काही दिसलं, तर पहिला आकडा दिवसांचा : अकरा दिवसांत विंडोजचा गाभा एकदाही नव्याने सुरू झालेला नाही.

खूण काढणं ही पळवाट झाली. मूळ दोष बहुधा जुन्या ड्रायव्हरचा असतो. चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घ्या, इंटेलचा बोर्ड असेल तर मॅनेजमेंट इंजिनचाही; आणि हे ड्रायव्हर बोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. शिफ्ट धरूनही बंद झाला नाही, तर कीबोर्ड आणि माउस सोडून यूएसबीला जे जे जोडलंय ते सगळं काढा आणि पुन्हा शट डाउन द्या. बंद झाला, तर एकेक वस्तू जोडत प्रत्येक वेळी तपासा.

तोवर बटण चार सेकंदांहून थोडं जास्त धरलं की संगणक सक्तीने बंद होईल. डिस्कचा दिवा लुकलुकत असताना किंवा स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी चालू असताना मात्र ते कधीच करू नका.

प्रश्न : ‘शटिंग डाउन’ लिहून येतं आणि पाच-सात मिनिटं गोल फिरत राहतं. शेवटी बंद होतो. हे कशामुळे?

उत्तर : कुठे अडतंय ते विंडोजलाच सांगू द्या. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती रेजिस्ट्री. रेजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम असं उतरत जा. तिथे व्हर्बोसस्टेटस नावाची 32 बिटांची डीवर्ड (आकडा साठवणारी) नोंद करा (नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता) आणि किंमत 1 द्या. आधी रेजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. यापुढे बंद होताना प्रत्येक टप्प्याचं नाव स्क्रीनवर येईल.

सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, थांबवण्याच्या टप्प्यावर अडत असेल, तर एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलंच साधन चालवा. सर्व्हिसेसमध्ये सगळ्यात आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा, हे विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद कराल. उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करून बघा, मग ज्या निम्म्यांत दोष आहे त्यांच्या पुन्हा निम्म्या. 24 सेवा असल्या तरी पाच फेऱ्यांत एकच उरते.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बंद होताना पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) पुसण्याची सेटिंग कुणी चालू केली असेल, तर 16 जीबीची पेजफाइल सेकंदाला 100 एमबी वेगाच्या हार्ड डिस्कवर पुसायला सुमारे 2 मिनिटं 40 सेकंद लागतात. ती सेटिंग रेजिस्ट्रीत मेमरी मॅनेजमेंटखाली असते आणि एरवी 0 असते. सेवांना थांबायला मिळणारा पाच सेकंदांचा अवधी कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. डेटाबेससारख्या सेवेला आपलं लिखाण डिस्कवर उतरवायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : बंद केल्यावर काही सेकंदांत आपोआप पुन्हा सुरू होतो.

उत्तर : बहुतेक वेळा बंद होता होता निळी स्क्रीन येते आणि ती वाचायच्या आत विंडोज रीस्टार्ट होतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. आता निळी स्क्रीन थांबून राहील. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ दिसलं तर पुन्हा ड्रायव्हरकडेच बोट जातं, बहुधा वायफाय किंवा ग्राफिक्सच्या. निळी स्क्रीन आलीच नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची सोय, बंद करून पाहा. वीज गेली आणि परत आली की संगणक सुरू होत असेल, तर मात्र तो बिघाड नव्हे. बायोसमधली एसी पॉवर लॉसची सेटिंग ‘पॉवर ऑफ’वर ठेवा.

प्रश्न : संगणक बंद आहे, तरी माउसचा लाल दिवा रात्रभर जळतो. धोका आहे का?

उत्तर : नाही. मागचा स्विच चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला 5 व्होल्टचा राखीव पुरवठा देत असतो, त्यातूनच यूएसबीला वीज मिळते. नको असेल तर बायोसमध्ये ईआरपी ही वीज वाचवणारी सेटिंग चालू करा. मग कीबोर्डच्या बटणाने संगणक सुरू करणं आणि वेक ऑन लॅन, दोन्ही चालणार नाहीत.