डीव्हीडी मिळत नाहीत, मग घरातल्या डिस्कचं काय करू?

प्रश्न : आईला जुने मराठी सिनेमे फार आवडतात. तिच्यासाठी डीव्हीडी घ्यायला चिंचवडची दुकानं पालथी घातली, कुठेच मिळाल्या नाहीत. घरातल्या व्हीसीडी, डीव्हीडीसुद्धा आता भंगारात द्याव्यात का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका! ठाण्यात माझी सीडी लायब्ररी होती, त्यामुळे हे सगळं मी काउंटरमागून पाहिलंय. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हा फुटपाथवरच्या पायरेटेड मालाच्या भावात ओरिजिनल मिळायला लागली. भाड्याने नेणारी गिऱ्हाइकं विकत घेऊ लागली. मला त्याचा आनंदच झाला, कारण सिनेमा लोकांच्या कपाटात जाऊन बसला. पुढे मोबाइलवर नेट स्वस्त झालं आणि दुकानातले कप्पे रिकामे होत गेले. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडीचं जुनं दुकान २०१६मध्ये बंद झालं. अमेरिकेत बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीनेसुद्धा २०२४मध्ये सिनेमाच्या डिस्क विकणं थांबवलं.

‘ओटीटीवर बघा की’ असं तुम्हाला कुणीही सांगेल. पण तिथले बरेच सिनेमे ठरावीक मुदतीच्या हक्कांवर येतात. करार संपला की आईचा आवडता सिनेमा एके दिवशी गायब. कितीतरी जुने मराठी सिनेमे तर तिथे आलेलेच नाहीत. कपाटातली डिस्क मात्र कुणी परत मागायला येत नाही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि ऑनलाइन सेकंडहँड बाजारात शोधा. दोन्ही मिळत असतील तर डीव्हीडीच घ्या. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, मोठ्या टीव्हीवर फारच भरड दिसतं. परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे तो आकडा, बघा : अमेरिकेचा १, आपला ५.

व्हीसीडीची छापील बाजू जास्त जपा. चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खालीच असतो. तिथे ओरखडा गेला की डिस्क संपली. डीव्हीडीत तो थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांमध्ये असतो. पुसताना मऊ सुती फडकं मधून कडेकडे न्या, गोल फिरवू नका. प्लेअर बिघडला असेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, लॅपटॉपला लावून बघता येईल. तो अजून मिळतोय तोवर घेऊन ठेवा.