दररोज बायबल वाचायची सवय कशी लावावी? दर जानेवारीत सुरुवात करतो, फेब्रुवारीत सुटते.

तुम्ही लिहिलंय, की वर्षभराच्या वाचनाचा तक्ता घेऊन बसता, लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता, मग हिंजवडीहून घरी यायलाच नऊ वाजतात आणि वाचन राहून जातं. वर अपराधी वाटतं ते वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे: तो तक्ता फाडून टाका.

हिशोब बघा ना. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. पहिल्या उत्पत्तीचे ५०, मग निर्गमाचे ४०, म्हणजे जानेवारी सरता सरता तुम्ही लेवीयातल्या होमार्पणाच्या नियमांत येऊन पडता, तेही दिवसभर दमून. सुटणारच.

माझ्या दादाच्या फ्रिजवर असाच तक्ता असतो. दर वर्षी तो बायबल पुरं करतो. मी एका लूकच्या शुभवर्तमानात चार-चार महिने काढते. "तू वाचतेस की गिरवतेस?" असं तो मला आईसमोर म्हणाला होता. वीस वर्षांचा वाद आहे हा आमचा.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे ती वडगाव शेरीला माझ्याकडे होती. काचबिंदूमुळे तिला स्वतः वाचता येत नव्हतं. दादा रोज संध्याकाळी यायचा, अगदी पावसातही, आणि तक्त्यात त्या दिवशी असेल ते वाचायचा. तेव्हा नेमकं 'पहिला इतिहास' हे पुस्तक आलं होतं. पहिले नऊ अध्याय जवळजवळ नुसती नावं. अमक्याचा पुत्र तमका. आई डोळे मिटून पडून राहायची. एकदा म्हणाली, "अरे, रूथ वाच ना." दादा म्हणाला, "रूथ मागच्या महिन्यातच झालं, आई."

ते मला अजून लागतं.

दादा घरी गेल्यावर मी आईचंच जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. रूथच्या पानांचे कोपरे हळदीच्या बोटांनी पिवळे पडलेले. स्वयंपाक करता करता वाचायची ती. चारच अध्याय आहेत, पंधरा-वीस मिनिटांत होतात. आम्हाला महिना लागला. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून नामी सून रूथबरोबर बेथलेहेमला परत येते आणि बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. तिथे आईने माझं मनगट धरलं. "थांब." तीन रात्री तिने पुढे वाचू दिलं नाही. त्या तीन रात्री ती बाबांबद्दल बोलली, मातीनंतर पहिल्यांदाच. चौथ्या रात्री स्वतःच म्हणाली, "सातूची कापणी लागली होती ना त्या आल्या तेव्हा? तिथून वाच."

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. कितीतरी वर्षं त्यात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्याच छापखान्यातून निघालं. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून त्यांनी एकेका शब्दाशी झटापट केली. अशा पुस्तकावरून धावत का जायचं?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा, १६ अध्याय आहेत. रोज दहा वचनं, मोठ्याने, जेवणं झाल्यावर त्याच खुर्चीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं वचन वाचनात धरू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस वाचायची नाहीत, दहाच. घरात लहान मुलं असतील तर त्यांना ऐकू द्या, समोर बसवायची सक्ती नको.

एक मात्र कबूल करायला हवं. माझ्यासारखं वाचणारी माणसं आवडत्या पानांवरच फिरत राहतात. हबक्कूक हे बायबलमधलं छोटं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते दादाच्या तक्त्यामुळेच. अंजिराला बहर नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी प्रभूत आनंद करीन, हे नाहीतर मला कधी भेटलंच नसतं. तेव्हा तक्त्याने ज्याचं जमतं त्याने जरूर वाचावं. तुमचं जमत नाहीये.

आई गेल्यावर ते जुनं शास्त्र दादाने मागितलं. मी दिलं नाही. "तुझा तक्ता आहे ना," असं म्हणाले त्याला. तेवढं बोलायला नको होतं.