रूट कॅनालच्या वेळी तीन एक्स-रे काढले आणि दर वेळी डॉक्टर खोलीबाहेर गेले. मला एप्रनही दिला नाही. हे धोक्याचं नव्हतं का?

नाही, घाबरण्यासारखं काहीही झालेलं नाही. पण तुमची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर तुम्हाला खुर्चीत बसवतानाच मिळायला हवं होतं. मी एक्स-रे तंत्रज्ञ आहे, दातांचे एक्स-रे काढणं हेच माझं रोजचं काम.

डॉक्टर बाहेर जातात कारण तुमचे तीन एक्स-रे झाले की विषय संपला, त्यांना मात्र तेच बटण दिवसभर आणि वर्षानुवर्षं दाबायचं असतं. शिवाय त्या किरणांचा तुम्हाला उपयोग आहे, त्यांना काहीच नाही. त्यांच्यापर्यंत पोचतात ते तुमच्या गालावर आणि जबड्यावर आदळून विखुरलेले किरण. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपट कमी होते, त्यामुळे दोनेक मीटर लांब किंवा भिंतीआड उभं राहिलं तरी पुरतं.

ही शिस्त फार मोठी किंमत मोजून आली आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेननी 1895 च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि दोन-तीन महिन्यांतच, 1896 च्या जानेवारीत, जर्मनीत दंतवैद्य ओटो वाल्खॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्यांना 25 मिनिटं स्थिर राहावं लागलं. अमेरिकेतले दंतवैद्य एडमंड केल्स वर्षानुवर्षं या किरणांसमोर स्वतःचा हात धरत राहिले. त्यांना आधी बोटं, मग हात गमवावा लागला. म्हणूनच आज कुठलाही जाणकार डॉक्टर पेशंटच्या तोंडातला सेन्सर (एक्स-रेचं चित्र टिपणारी छोटी पट्टी) स्वतःच्या बोटांनी धरून ठेवत नाही. कुणी धरताना दिसलं तर जरूर टोका.

आता यंत्राविषयी. गालाशी टेकवतात त्या नळीच्या मागे एक निर्वात काचेची ट्यूब असते. तिच्यातली टंगस्टनची तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि साधारण 60 ते 70 हजार व्होल्टच्या दाबाने समोरच्या टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात. त्यातल्या जवळपास 99 टक्के ऊर्जेची नुसती उष्णता होते, उरलेल्या एखाद्या टक्क्यातून क्ष-किरण निघतात. एक्सपोजर सेकंदाच्या काही दशांश भागाचं, डिजिटल सेन्सर असेल तर बहुधा त्याहूनही कमी. वीज थांबली की किरणं थांबली. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच. अंगात काही साठत नाही आणि तुम्ही किरणोत्सारी होत नाही. घरी जाऊन लहान मुलाला लगेच कडेवर घ्यायला काहीच हरकत नाही.

गाल आणि हिरडी मऊ, त्यांतून किरणं बरीचशी आरपार जातात. दातात आणि हाडात कॅल्शियम असतं, ते किरणं अडवतं, म्हणून ते पांढरं दिसतं. कीड लागली की तिथलं कॅल्शियम गेलेलं असतं, म्हणून तिथे काळपट डाग येतो. मुळाच्या टोकाशी पू होऊन हाड झिजलं असेल तर तिथेही तसाच.

तीन एक्स-रे का? पहिला मुळाची परिस्थिती बघायला. दुसरा, दाताच्या मुळातल्या नळीत फाइल, म्हणजे कानशीसारखी बारीक सुई, घालून ती मुळाच्या टोकाच्या कितपत जवळ पोचली ते मोजायला. इथे एक-दोन मिलिमीटरचीही चूक महागात पडते, कमी पडलं तर संसर्ग मागे राहतो, जास्त झालं तर फाइल टोकाबाहेर जाते. तिसरा, भरणं नीट झालं का ते बघायला. मला यातला एकही वायफळ वाटत नाही.

मात्रेचं म्हणाल तर अशा छोट्या एक्स-रेमध्ये साधारणपणे काही मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं माप; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट) इतकाच डोस मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तुमचे तिन्ही मिळून फार तर काही दिवसांच्या नैसर्गिक किरणोत्साराइतके. सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन मात्र वेगळा: त्याची मात्रा कितीतरी पटींनी जास्त असू शकते. तो सुचवला, विशेषतः लहान मुलासाठी, तर साध्या एक्स-रेने का भागणार नाही हे विचाराच.

एप्रनबद्दल बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये सांगितलं की दातांच्या एक्स-रेसाठी शिशाचा एप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी वापरायची गरज नाही, गरोदर स्त्रियांसाठीसुद्धा. किरणांचा झोत पोटाकडे वळलेलाच नसतो, आणि पट्टी कधी कधी चित्राच्या आड येऊन एक्स-रे परत काढावा लागतो. काही ठिकाणचे नियम अजून एप्रन मागतात, तिथे तो दिलाच पाहिजे. तुम्हाला हवासा वाटला तर निःसंकोच मागा.

माझ्या मते खरं संरक्षण करतं ते यंत्राच्या नळीचं तोंड. झोत गोल न ठेवता सेन्सरच्या मापाचा आयताकृती केला की डोस निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो, कारण बाजूचा गाल विनाकारण उजळत नाही. ही साधी जोडणी अजून सगळीकडे दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि एक करा: तिन्ही एक्स-रेंच्या फाइल मागून स्वतःजवळ ठेवा. पुढे डॉक्टर बदललात तर तेच एक्स-रे पुन्हा काढायची वेळ बहुतेक येणार नाही.