सायकलीवर पोट भरतं का?

"मॅडम, ह्याला एवढंच समजावून सांगा, सायकलीवर पोट भरत नाही." डिचोलीहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या वडिलांनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी कॉमर्सला. परीक्षा तोंडावर आलेली असताना त्याने घरात जाहीर केलं होतं की यंदा बसणार नाही, व्यावसायिक रोड सायकलपटू व्हायचंय. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) खेळापायी शाळा सोडायला निघालेली मुलं गोव्यात नवीन नाहीत, पण ती बहुतेक फुटबॉलची असतात.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. 'का' विचारलं की या वयातली मुलं भाषण ठोकतात, म्हणून 'दिवसभर काय करतोस' एवढंच विचारलं. पहाटे उठून साखळी, केरीपर्यंत; रविवारी चोर्ला घाट चढून परत. मोबाइलवर आलेख काढून दाखवला: पेडल मारण्याची ताकद वीस मिनिटं सरासरी 240 वॅट, वजन 58 किलो. म्हणजे किलोमागे चार वॅटच्या जरा वर.

"आणि टूर दी फ्रान्सवाले?"

"घाटात अर्धा अर्धा तास सहाच्या वर."

"मग हे अंतर कसं कापणार?"

"वजन उतरवून."

इथे मी परीक्षेचा विषय बाजूला ठेवला. आईला आत बोलावलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग बांध फुटल्यासारख्या बोलल्या. "शीत (भात) वाढलं की वजनकाटा काढून मोजतो. हुमण (माशांची आमटी) नको, त्यात खोबरं असतं म्हणे. सारखी सर्दी, आणि बोललं की अंगावर येतो." चोर्ल्याच्या एका फेरीत दोन हजार कॅलरी सहज जळतात आणि हा पोरगा वाटीभर भातावर दिवस काढत होता. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडत राहिलं की हार्मोन्स बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. सायकलपटूंना तर हा धोका जास्तच, कारण सायकलीवर हाडांवर भार येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. समुपदेशनाने हे भागत नाही, त्यामुळे पहिली चिठ्ठी डॉक्टरांची आणि दुसरी आहारतज्ज्ञांची. मुलाने कुरकुर केली. "वाढत्या वयात उपाशी राहून वॅट वाढत नाहीत, आधी तेच उतरतात," हे आहारतज्ज्ञांनी आलेखावर बोट ठेवून सांगितल्यावर मात्र ऐकलं. आकड्यांवर त्याचा विश्वास होता, आमच्यावर नंतर बसला.

आता वडिलांचा प्रश्न. तो रास्तच होता, आणि मी त्यांना गोड बोलून वाटेला लावलं नाही. पुरुषांच्या वर्ल्डटूरमध्ये, म्हणजे रोड सायकलिंगच्या सर्वांत वरच्या पातळीवर, 18 संघ, म्हणजे जगभरातून जेमतेम पाचशेच्या आसपास जागा. टूर दी फ्रान्समध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. तिथे पोचलेल्यांतही बहुतेकांचं काम म्हणजे कप्तानासाठी पुढे राहून वारा अंगावर घेणं, मागच्या गाडीतून बाटल्या आणून देणं. करार वर्षा-दोन वर्षांचे. खालच्या कॉन्टिनेंटल संघांत तर पगार हातात पडेलच असं नाही. आपल्याकडे सायकलपटूला पोटापाण्याची खरी वाट म्हणजे रेल्वे किंवा सैन्यदल. राष्ट्रीय स्पर्धांत पुढे असतात तेही बहुधा हेच संघ.

आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यात कारकुनी दर्जाच्या पदांना बारावी लागते, त्यावरच्या पदांना पदवी. हे ऐकल्यावर मुलगा पहिल्यांदा सरळ बसला. अभ्यास आणि सायकल एकमेकांच्या आड येतात असं घरात दोन्ही बाजूंनी धरलेलं, तिथेच सगळं अडलं होतं.

घाईचं कारणही पोकळ होतं. "आत्ता नाही तर कधीच नाही" हे जिम्नॅस्टिक्समध्ये शोभेल. स्लोव्हेनियाचा प्रिमोश रोग्लिच आधी स्की जंपिंग करायचा, सायकलीकडे वळला तो बाविशीच्या आसपास. पुढे स्पेनची व्हुएल्टा ही मोठी शर्यत चारदा जिंकला. आपला नवीन जॉन अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकताना सायकलीवर चढला आणि टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) राष्ट्रीय विजेता झाला. असे थोडेच, कबूल. पण सतराव्या वर्षी दार बंद होत नाही एवढं त्यातून कळतं. 23 वर्षांखालचा गट बाविशीपर्यंत असतो.

तेव्हा जन्माचा निर्णय कोणी घ्यायचाच नाही, फक्त पुढच्या हंगामाचा घ्यायचा, असं ठरलं. कागदावर लिहिलं: परीक्षेला बसायचं, तोवर आठवड्याला दहा तासच सायकल, वजनाची नोंद आहारतज्ज्ञांकडे, घरात काटा नाही, चोर्ल्याला एकट्याने जायचं नाही, कारण तिथली ट्रकची वळणं मलाही ठाऊक आहेत. बाविशीपर्यंत दरवर्षी हंगाम संपला की पुन्हा बसायचं. वडिलांनी सही करायला बराच वेळ घेतला.

मुलगा बारावी झाला, आता बी.कॉम.ला आहे. राज्य संघाच्या निवड चाचणीत मागे पडला, पुन्हा उतरणार आहे. सध्या घरात वाद चालू आहे तो कार्बनच्या चाकांवरून, आणि त्यात मी वडिलांच्या बाजूने आहे.