वाचकांचे प्रश्न : घुमट, काचा आणि ऊन

प्रश्न : बार्सिलोनात दोनच दिवस आहोत. साग्रादा फमिलिया हे चर्च सकाळी पाहावं की संध्याकाळी? मनोऱ्याचं तिकीट घ्यावं का?

पूर्वेकडच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत, पश्चिमेकडच्यांना लाल-नारिंगी. त्यामुळे सकाळी आत गार, पाण्याखालचा वाटावा असा उजेड असतो आणि ऊन कललं की तेच दगडी खांब निखाऱ्यासारखे दिसतात. एकच वेळ निवडायची तर आमचं मत कलत्या उन्हाला. फक्त घड्याळाकडे बघून फसू नका. स्पेनमध्ये मध्य युरोपची वेळ चालते, म्हणून जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तोच पावणेदोननंतर. तेव्हा साडेपाचच्या पुढचं तिकीट काढा. डिसेंबरात मात्र साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. तिथे तीनचं बरं. तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि हंगामात आधीच संपतात.

मनोरा सोडला तरी चालेल. लिफ्ट वर नेते, उतरायचं मात्र अरुंद गोल जिन्याने. या चर्चचा वास्तुकार गाउदी, त्याची खरी करामत आत आहे. एखाद्या खांबाला टेकून नजर वर न्या. खांब झाडासारखा फुटतो आणि तिरक्या फांद्यांवर छताचा भार घेतो. जुन्या गॉथिक चर्चना बाहेरून कमानींचे टेकू लागत. गाउदीला त्या कुबड्या वाटत. टांगलेल्या दोऱ्यांना वजनं बांधून तो आकार शोधायचा, कारण दोरी ज्या वळणात फक्त ताण घेते, तेच वळण उलटं केलं की दगड फक्त दाब घेतो. तळघरातल्या संग्रहालयात असं टांगतं मॉडेल आहे. ते चुकवू नका.

प्रश्न : फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट चढायचा आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत. झेपेल का?

पायऱ्या ४६३ आणि लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर नको. दम लागण्यापेक्षा मोठी अडचण ही, की वाट अरुंद आहे आणि मागून माणसं येत असतात, त्यामुळे मध्येच परत फिरणं जिकिरीचं. बंद जागेत घाबरणाऱ्यांनीही विचार करावा. चढण्याची वेळ तिकीट घेतानाच ठरवावी लागते. कॅथीड्रलमध्ये नुसतं जायला पैसे पडत नाहीत, पण ती रांग वेगळी. त्या रांगेत तासभर उभं राहून घुमटाची वेळ घालवणारे बरेच असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

चढणाऱ्यांनी वाटेत भिंत बघावी. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट खालून लाकडी सेंटरिंगचा आधार न देता उभा केला. घुमटाला दोन कवचं आहेत आणि जिना त्यांच्यामधून जातो. तिथल्या विटा माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या दिसतील. घुमट आत झुकू लागला की आडवी वीट चुना सुकण्याआधीच घसरते. म्हणून ठरावीक अंतरावर विटा उभ्या लावल्या, त्या मधल्या विटांना कपाटातल्या पुस्तकांसारखं दाबून धरतात.

आणि हो, घुमटावरून घुमट दिसत नाही! तो फोटो हवा असेल तर शेजारचा जॉत्तोचा मनोरा चढा. पायऱ्या ४१४. वडिलांसाठी मात्र खालचा चौकच उत्तम.

प्रश्न : रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या छताला भोक आहे म्हणे. पावसात बंद ठेवतात का?

नाही. पाऊस सरळ आत पडतो. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिच्यातल्या बारीक भोकांतून पाणी निघून जातं. तेवढा भाग दोरी लावून अडवतात. मात्र दगड ओला असतो, चपला बघून घाला.

आम्ही तर म्हणू, ऊन असेल तेव्हा जा. दार उत्तरेला असल्याने माध्यान्हीचा झोत नेहमी दाराच्या बाजूला पडतो : हिवाळ्यात वर घुमटावर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नेमका दारावर, भर उन्हाळ्यात फरशीवर. उन्हाळी वेळेप्रमाणे (तेव्हा घड्याळं तासभर पुढे केलेली असतात) ही माध्यान्ह घड्याळात एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास येते. दहा मिनिटं एका जागी थांबलात तर झोत सरकताना दिसतो.

प्रश्न : फोटोत इमारती मागे कलंडलेल्या का दिसतात?

फोन वर तिरका केल्यामुळे. मागे जा, फोन ताठ उभा धरा आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाका.